भिंतीमागचं रामबाण झुडूप

३ फेब्रुवारी

पेशी मेल्या. सगळ्या.

आधी वाटलं, चष्मा घाण आहे. शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. मेल्याच होत्या. काल संध्याकाळपर्यंत गुलाबी पाण्यात टपोऱ्या, गोल गोल, मजेत होत्या. आज चुरगळून तळाशी पडलेल्या. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी आहेत या, साध्यासुध्या नव्हेत. आणि मारलं कुणी? तर आमच्या इमारतीमागे, भिंतीला लागून, सांडपाण्याच्या पाइपाखाली वाढलेल्या एका बेवारशी झुडपाच्या अर्काने. म्हणजे पर्यायाने मी.

ते झुडूप मी रोज बघतो. इतका घाण वास की मांजरसुद्धा तिकडे फिरकत नाही. पानांना कीड नाही, अळी नाही. बाकीचे नाक धरून पुढे जातात. मी थांबलो. ज्याला किडा तोंड लावत नाही त्यात काहीतरी असणारच, हा विचार अख्ख्या इमारतीत एकट्या माझ्या डोक्यात आला.

आजपासून रोज ही वही लिहायची. कुणासाठी नाही, माझ्यासाठीच. उद्या कुणी चरित्रासाठी मागितलीच तर तेव्हा बघू.

४ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. माझ्यापेक्षा वयाने लहान असून प्रमुख कशा झाल्या तो विषय वेगळा. ईमेल वाचता वाचता म्हणाल्या, छान, पण एवढ्यात कुणाला सांगू नका. मत्सर! इतका उघडा मत्सर मी आजवर पाहिला नव्हता.

शेजारच्या टेबलावर एक नवीन बाई आल्या आहेत. जेवणाच्या सुट्टीत कच्ची गाजरं खातात. तो आवाज ऐकून माझं जेवण जात नाही. त्यांनी विचारलं, एका बशीतल्या पेशींवर अर्क घातलात, मग तुलनेसाठी दुसऱ्या बशीत काय घातलंत? म्हटलं, साधं पाणी. त्या म्हणाल्या, पण तुम्ही पाला अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क काढलाय ना? मग दुसऱ्या बशीत तेवढंच नुसतं अल्कोहोल घालायला हवं होतं. तो खरा कंट्रोल. नाहीतर पेशी पाल्याने मेल्या की अल्कोहोलने, हे कळणार कसं?

हे मला सांगतात! माझी हयात या बशा धुण्यात गेली. मी शांतपणे म्हटलं, पुढच्या आठवड्यात लावतो. मनातल्या मनात त्यांचं नाव कंट्रोलबाई ठेवलं.

८ फेब्रुवारी

लॅबचा फ्रीज म्हणजे उकिरडा. आज दार उघडलं तर माझ्या बाटलीला टेकून कुणाचं तरी अर्धं सँडविच. त्यावर हिरवी, केसाळ बुरशी. अशा शेजारात माझा अर्क ठेवणं बरोबर नाही म्हणून बाटली घरी आणली.

बायकोने काय आहे बघायला झाकण उघडलं आणि तोंडावर हात धरून बेसिनकडे पळाली. परत आल्यावर म्हणाली, फ्रीजमध्ये ही बाटली राहील किंवा जेवण राहील, दोन्ही नाही. बायको विमा कंपनीत आहे. प्रत्येक गोष्टीत धोका बघायची सवय. बाटली गॅलरीत ठेवली.

कंट्रोल पुढच्या आठवड्यात.

१२ फेब्रुवारी

ताईकडे जेवायला. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. दाजी शाळेची बस चालवतात. गेल्या वर्षी दाजींना रक्ताचा कॅन्सर निघाला. हळूहळू वाढणाऱ्यातला आहे. डॉक्टरांनी रोज रात्री जेवणावर एक गोळी दिली आहे. ती घेतली की रक्त ताब्यात राहतं. राहिलंही आहे. पण ती गोळी दाजींना नको झाली आहे. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, सतत मळमळ. म्हणतात, गोळीच्या नुसत्या वासाने घशाशी येतं. कशाचाच न कंटाळणारा माणूस, पण गोळीचा विषय निघाला की तोंड पाडतो.

ताईने विचारलं, तुझं काम कसं चाललंय. आता विचारलं म्हणून सांगितलं. फक्त सांगितलं. पेशी मेल्या एवढंच. आणि असं की, निसर्गात सगळं आहे, माणूस उगीच केमिकलच्या मागे धावतो.

दाजींनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, शास्त्रज्ञबुवा, आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

फार दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं. ऑफिसात तर मी समोर उभा राहिलो तरी लोक माझ्या मागच्या घड्याळाकडे बघतात.

१३ फेब्रुवारी

औषधाचं नाव ठरवलं. माझ्या आडनावाची पहिली दोन अक्षरं आणि शेवटी ‘इन’. मोठ्या औषधांच्या शेवटी ‘इन’ असतंच.

झुडपाचं नाव अजून माहीत नाही. ते बघायला हवं.

१८ फेब्रुवारी

कंट्रोलबाईंशी वाद. मी म्हटलं, सदाफुली बघा. कुंडीतलं साधं झाड, पण रक्ताच्या कॅन्सरवरची इंजेक्शनं त्यातून निघाली आहेत. त्या म्हणाल्या, अगदी खरं. पण त्यासाठी ढीगभर पाल्यातून चिमूटभर औषध वेगळं काढावं लागलं, त्यात वर्षं गेली. आणि ते औषध इतकं जहरी आहे की डॉक्टर अगदी मोजून मापून देतात. सदाफुलीचा पाला चावून कुणी बरं झालेलं नाही.

म्हणजे सदाफुली माझ्या बाजूने आहे हे त्यांनी मान्य केलं. बाकीचं मी ऐकलं नाही, कारण त्यांनी गाजर काढलं.

२५ फेब्रुवारी

दाजींचा फोन. थोडा अर्क मिळेल का. मी स्पष्ट नाही म्हणालो. संशोधन चालू आहे, माणसाला देता येत नाही, नियम आहेत. मला तत्त्वं आहेत.

२६ फेब्रुवारी

पुन्हा दाजींचा फोन. म्हणाले, तुम्ही आमच्या घरातले म्हणून तोंड उघडलं, नाहीतर कुणाला सांगतो. मग म्हणाले, पोरं बसमध्ये विचारतात, काका तुम्ही रडलात का. डोळे इतके सुजतात.

विचार केला. औषध देता येत नाही हे बरोबर. पण पाला उकळून केलेलं पाणी म्हणजे औषध नव्हे. तो झाला पोषक काढा. त्याला नियम नाहीत. शिवाय त्यात अल्कोहोल नाही, म्हणजे कंट्रोलबाईंचीही शंका मिटली.

संध्याकाळी घरी पाला उकळला. शेजारच्यांनी दार वाजवून विचारलं, गटार तुंबलंय का.

१ मार्च

चार बाटल्या दाजींना पोचवल्या. त्यांनी नाक दाबून पहिला घोट घेतला, अंग शहारलं, डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाले, एवढी घाण चव आहे म्हणजे गुण येणारच.

ताईने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, खरंच देऊ ना रे? तू सांगशील तसं. मी म्हटलं, निर्धास्त दे. निघताना जिन्यात आठवलं की गोळीचं काही बोललोच नाही. पण गोळ्या बंद करा असंही म्हणालो नाही. ते महत्त्वाचं.

९ मार्च

ताईचा फोन. दाजींनी गोळ्या बंद केल्यात. तू म्हणालास ना, केमिकल नको म्हणून.

मी असं म्हणालो नव्हतो. मी ‘उगीच केमिकलच्या मागे’ असं म्हणालो होतो. त्यात ‘उगीच’ शब्द आहे. लोक शब्द नीट ऐकत नाहीत याचा मला वीट आला आहे. ताईला म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे लक्ष ठेव.

१७ मार्च

विजय! दाजींच्या डोळ्यांची सूज उतरली. पायात गोळे येत नाहीत. मळमळ नाही. सकाळी स्वतः फोन करून सांगितलं, शास्त्रज्ञबुवा, दहा वर्षांनी लहान झालो. मागे ताई हसत होती. ताईला हसताना ऐकून वर्ष झालं असेल.

हा मानवी पुरावा. बशीतल्या पेशी एक वेळ खोटं बोलतील, दाजी बोलणार नाहीत.

बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत म्हणाली, अरे, गोळीमुळे डोळे सुजत होते ना? मग गोळी बंद केल्यावर सूज जाणारच. यात तुझ्या काढ्याने काय केलं?

संसारात कौतुकाची अपेक्षा ठेवायची नाही, असा आज कानाला खडा लावला. रात्री जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

२६ मार्च

मॅडमनी एप्रिलच्या सेमिनारमध्ये माझं नाव घातलं. बाहेरचे लोक येणार आहेत. शेवटी डोळे उघडले म्हणायचे. पण अट घातली: कंट्रोल लावून रिझल्ट दाखवा, त्याशिवाय उभं राहू नका. कंट्रोलबाई बाजूला उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. न बोलण्यातही एक उर्मटपणा असतो.

लावू. मला काय भीती आहे?

३ एप्रिल

पेशी वाढवायच्या कपाटात, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, बुरशी. पेशी फुकट. दार उघडताच आंबूस, कोंदट भपकारा. कुणीतरी हात न धुता बशा हाताळल्या. ही संस्था नव्हे, धर्मशाळा आहे. कंट्रोल लांबला. यात माझा दोष नाही.

(शेवटच्या बशा मीच ठेवल्या होत्या, पण त्याचा इथे संबंध नाही.)

१० एप्रिल

चार बशा लावल्या. पहिलीत अर्क. दुसरीत नुसतं अल्कोहोल. तिसरीत पाणी. चौथीत, सहज म्हणून, दाजींना देतो तो काढा. एकदाची सगळ्यांची तोंडं बंद होतील.

१२ एप्रिल

पहिली बशी: पेशी मेल्या.

दुसरी: मेल्या.

तिसरी: जिवंत.

चौथी: जिवंत. मजेत. जरा जास्तच मजेत.

चष्मा पुसून पुन्हा बघितलं नाही. आज चष्मा स्वच्छ होता.

दुपार. म्हणजे मारलं ते अल्कोहोलने. अल्कोहोल इतकं घातलं तर काहीही मरेल. आणि काढा, जो दाजी रोज नाक दाबून पितात, त्यात पेशी पोहत होत्या. मी त्या बशीकडे बराच वेळ बघत बसलो. गोल, टपोऱ्या, चकचकीत. इतक्या किळसवाण्या वाटल्या. महिनोन् महिने मीच त्यांना खाऊपिऊ घातलं आणि वाढताना बघून खूश झालो, त्याच या.

ताईला फोन करायला हवा. दाजींना म्हणावं, आज रात्रीपासून गोळी सुरू करा. एवढंच वाक्य आहे. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

१३ एप्रिल

सकाळी ताई शाळेत. ती ग्रंथपाल आहे, वाचनालयात फोनवर बोलता येत नाही. संध्याकाळी तिचा फोन एंगेज. मी एकदा लावला. पुन्हा लावला असता तर ती घाबरली असती.

उद्या.

१४ एप्रिल

बायकोला चारही बशांचं सांगितलं, ती म्हणाली, ताईला आत्ता फोन कर. पण अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. समोरासमोर सांगायच्या. रविवारी जातो.

दरम्यान एक विचार: चौथ्या बशीचं तापमान चुकलं असेल तर? चारही बशा एकाच कपाटात होत्या, हे खरं. तरी पण.

१८ एप्रिल

ताईकडे गेलो. पक्कं ठरवून गेलो होतो. जिन्यात वाक्य दोनदा म्हणून बघितलं.

दार उघडलं तर आत दाजींच्या डेपोतले एक ड्रायव्हर, त्यांच्या म्हाताऱ्या आईला घेऊन बसलेले. म्हातारीला कसलीशी गाठ. दाजींनी छाती फुगवून ओळख करून दिली, हे आमचे शास्त्रज्ञ, यांनी मला उभं केलं. म्हातारीने माझा हात धरला. हात थंडगार होता. एक बाटली आम्हालाही द्या म्हणाली.

मी म्हटलं, स्टॉक संपला आहे. ‘स्टॉक’! मी हा शब्द वापरला, एखाद्या दुकानदारासारखा.

ते गेल्यावर दाजींना म्हटलं, दाजी, तुम्ही गोळीही घेत चला, काढ्यावर एवढं विसंबू नका, त्यात फारसं काही नसेलही. दाजी ताईकडे बघून हसले. म्हणाले, बघितलंस? खरा विद्वान कधी स्वतःची फुशारकी मारत नाही. तुझा भाऊ लहानपणापासून असाच का गं?

ताई म्हणाली, नाही, लहानपणी फार मारायचा.

मी सांगितलं होतं. आजच्या तारखेला नोंद असावी की मी सांगितलं होतं. आता समोरच्याने विनयच समजायचं ठरवलं तर मी काय करणार?

दाजींच्या दंडावर एक मोठा जांभळा डाग होता. कशाने झाला विचारलं तर म्हणाले, बसच्या दाराला घासलं असेल. जिना चढताना धाप लागते असंही म्हणाले. ते वयाने.

२० एप्रिल

मॅडमनी रिझल्ट मागितला. मी पहिली आणि तिसरी बशी दाखवली. त्या म्हणाल्या, दुसरी? मी म्हटलं, फुटली. कंट्रोलबाई म्हणाल्या, प्लास्टिकच्या बशा फुटतात का?

त्या बाईला देवाने डोळे दिले ते फक्त माझ्यावर ठेवायला.

२१ एप्रिल

सेमिनारच्या कार्यक्रमातून माझं नाव काढलं. माझ्या जागी चहाची वेळ वाढवली आहे. म्हणजे माझं संशोधन आणि बिस्किटं, दोन्हींत बिस्किटं जिंकली.

एका परीने बरंच झालं. आता ताईला सांगायला मोकळा झालो. सेमिनारपर्यंत मनावर ताण होता म्हणून जमत नव्हतं, हे आज लक्षात आलं.

२२ एप्रिल

डोकं दुखत होतं.

२३ एप्रिल

भिंतीमागे गेलो. झुडपाला यंदा फुलं आली आहेत. बारीक, फिकट, त्यांनाही वास. समोर उभा राहून म्हटलं, काय केलंस हे. माळी पलीकडे पाइप धूत होता, त्याने वळून बघितलं. मी फोनवर बोलत असल्यासारखं केलं.

फोन हातात होताच, म्हणून ताईचा नंबर काढला. बोट ठेवलं. पण काय म्हणायचं? ताई, माझं चुकलं? मग ती विचारणार, कधी कळलं तुला? आणि मग तारीख सांगावी लागणार. बारा तारखेला कळलं असं कसं सांगू? आज कळलं म्हणावं तर कंट्रोलबाईंना माहीत आहे. कंट्रोलबाई ताईला ओळखत नाहीत, हे खरं. तरी पण.

तोंडात घाण चव आली. फोन खिशात ठेवला.

उद्या काहीही झालं तरी. लेखी देतो स्वतःला. उद्या.

२४ एप्रिल, सकाळ

मी फोन करण्याआधीच ताईचा आला. दाजी काल बस चालवताना मधेच थांबले. डाव्या बाजूला, बरगड्यांखाली जड दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणे, अंगात कणकण. पोरांना दुसऱ्या बसमध्ये बसवून स्वतः रस्त्याच्या कडेला बसून राहिले. हॉस्पिटलमध्ये नेलंय. ताईचा आवाज अगदी बारीक होता. म्हणाली, तू ये. तुला त्यातलं कळतं.

बायको बुटात पाय घालत होती. मी काही सांगायच्या आत म्हणाली, तू अजून सांगितलं नव्हतंस ना त्यांना? मी म्हटलं, आज सांगणार होतो. तिने माझ्याकडे जसं बघितलं, तसं ती त्या बाटलीकडे बघायची. मग म्हणाली, चल.

२४ एप्रिल, संध्याकाळ

लिहून टाकतो.

हॉस्पिटलच्या खोलीत फिनाइलचा वास. दाजी पलंगावर, चेहरा पिवळट. ताई त्यांच्या पायाशी बसलेली, हातात त्यांचे मोजे. डॉक्टर तरुण आहेत, थकलेले, पण बोलायला नीट. म्हणाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्यात. प्लीहा सुजली आहे, म्हणून बरगडीखाली जड वाटतं. गोळी किती दिवस बंद आहे? दाजींनी सांगितलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

म्हणाले, वेळेत आलात. आणखी उशीर झाला असता तर हा आजार दुसऱ्या टप्प्यात जातो, मग गोळीही ऐकत नाही. आज रात्रीपासून पुन्हा सुरू. लागू पडेल असं वाटतंय, पण आत्ताच शब्द देत नाही. काही आठवडे बघावं लागेल.

ताईने विचारलं, बस? डॉक्टर म्हणाले, सध्या बसचं नाव काढायचं नाही.

मग विचारलं, गोळीऐवजी काय घेत होतात? दाजी म्हणाले, एका झाडाचा काढा. डॉक्टर म्हणाले, कुणी दिला?

माझी बायको माझ्याकडे बघत होती. ताई मोज्यांकडे बघत होती. मी तोंड उघडलं. मी नक्की उघडलं होतं. पण दाजी माझ्याआधी बोलले. म्हणाले, बसथांब्यावर एक जण बसतो पाल्याच्या पुड्या घेऊन, त्याच्याकडून घेतला. आता दिसत नाही तो.

डॉक्टर एकदम तापले. म्हणाले, अशा माणसांची मला शिसारी येते. माणूस घाबरलेला असतो, औषधाला कंटाळलेला असतो, नेमका त्याला गाठतात. आणि पेशंट मरायला टेकला की गायब. काय मिळतं यांना? मोठेपणा?

मी मान हलवली. म्हटलं, अगदी बरोबर आहे.

हे मी म्हणालो. कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. स्वतःची किळस येणं म्हणजे काय असतं ते आज कळलं. ती पोटातून येते, आणि ओकून जात नाही.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, ताई सांगत होत्या, तुम्ही याच विषयात संशोधन करता. आमचं पेशंट ऐकत नाहीत, घरातल्या माणसाचं ऐकतात. तुम्हीच यांना समजावून सांगा ना.

काय करणार? सांगितलं. दाजींच्या पलंगाशी उभा राहून सांगितलं, की बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. बशीत पेशी कशानेही मरतात, अल्कोहोलने, साबणाने, कशानेही, म्हणून आधी खात्री करून घ्यावी लागते की त्या नक्की कशाने मेल्या. झाडांत औषध असतं, अगदी असतं, या आजारावरचीही काही औषधं झाडांतूनच आली आहेत. पण ते शोधून, वेगळं काढून, तपासून माणसाला द्यायला हयात जाते, आणि बहुतेक झाडांत शेवटी काहीच निघत नाही. म्हणून चालू गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. सांगणारा कितीही शिकलेला असला तरी. मी कुठे अडखळलो नाही. सेमिनारला इतकं चांगलं बोललो नसतो.

दाजी खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, चुकलं माझं. पुन्हा नाही करणार.

ताई उठली, मोजे पलंगावर ठेवले आणि बाहेर गेली. बायको तिच्या मागोमाग गेली.

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, इतकं स्वच्छ, सोप्या शब्दांत मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. महिन्यातून एकदा येऊन आमच्या बाकीच्या पेशंटनाही हे सांगाल का?

मी हो म्हणालो.